दोन्ही घरांच्या भेगा

चैताली : पण भूपेंद्रशी माझ्या लग्नाला नकार कशासाठी, ते तरी सांगशील ना, माय?

अंजनाबाई : भूपेंद्र गुणी आहे. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. त्याच्या आईचं मन काळं आहे.

चैताली : सुषमाबेनचं? काल त्यांनी आग्रह करकरून तुला तिसरी घारी वाढली.

अंजनाबाई : गोड खाऊ घातलं आणि निघताना माझे हात हातात घेऊन, हसत हसत शाप दिला. शिरपूर सोडून मला तीनच महिने झाले, म्हणून काय कानही तिकडेच राहिले?

चैताली : नेमकं म्हणाल्या काय?

अंजनाबाई : ‘हवे आपणां बे घर भेगां.’ दोन्ही घरांना भेगा हव्यात तिला! माझ्या टाचांना आहेत तेवढ्या पुरे नाहीत का? हसतेस काय?

(चैतालीचे वडील काशीराम पांडेसऱ्याहून, कापड रंगवण्याच्या डाइंग कारखान्यातल्या पाळीवरून परततात. बोटं निळी.)

काशीराम : हसू दे तिला. अगं, मीही फसलो होतो. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, पिवळा नि निळा भेगा कर. मी टाकीत वाकून भेगा शोधत बसलो.

अंजनाबाई : सापडल्या?

काशीराम : मास्तरांनी दोन्ही बादल्या एका टाकीत ओतल्या. डोळ्यांदेखत हिरवा रंग उमलला. त्यातून पिवळा वेगळा काढता येईना, निळाही येईना. तेव्हा उमगलं, इथे भेगा म्हणजे एकत्र.

चैताली : आणि ‘हवे’ म्हणजे ‘आता’. आता आपली दोन्ही घरं एक झाली, असं म्हणत होत्या त्या.

अंजनाबाई : तीस वर्षं इथे भेगा करत होतात, आणि गावी आलात तेव्हा एकदाही हा शब्द सांगितला नाहीत?

काशीराम : तू तिकडे, मी इकडे. भेगा होतो कुठे आपण? कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

अंजनाबाई : हात धुऊन घ्या. चहा ठेवते.

चैताली : माय, सुषमाबेन संध्याकाळपासून निरोपाची वाट बघताहेत.

अंजनाबाई : लाव फोन. मीच बोलते.

चैताली : तू? गुजरातीत?

अंजनाबाई : एकच शब्द बोलायचाय. ‘हवे.’ त्यांच्या भाषेत घेतला काय, आपल्या भाषेत घेतला काय, खराच आहे.