कमलाबाईंचे तीन चिंचोके मोजणीतून वजा करण्याबाबत

दिनांक २५ मार्च २०२६, सकाळी ११.४० वाजता

नाव प्रफुल्ल शामराव गमरे. वय २४ वर्षे. शिक्षण सातवी. धंदा नोकरी, सोलर प्लेटा धुणे. राहणार खोली नंबर ९, तळमजला, सोनू मेस्त्री चाळ, घोडपदेव, मुंबई. सध्या मुक्काम कामाच्या जागी, कच्छ, गुजरात.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, सोमवारीही मी हेच सांगायला या पोलीस चौकीत आलो होतो. तेव्हा मला "आधी विहीर दाखव, मग लिहू" असं म्हणून परत पाठवलं. विहीर दाखवता येत नाही म्हणूनच तर मी आलो आहे. दिसली असती तर तिच्यावर कोणी बांधकाम काढलं नसतं. आज सोबत माझी आई कमलाबाई, वय ५६, आलेली आहे. ती समोर बाकावर बसली आहे. जबाब मीच देणार, कारण मोजणी मी केली होती.

वरील खोलीत आई आणि माझी बहीण संघमित्रा, वय २१, अशा दोघी राहतात. वडील गिरणीत होते, ते २०१९ साली वारले. बहीण सरकारी परीक्षेचा अभ्यास करते. खोली दहा बाय बाराची, वर शेजारचा टीव्ही, म्हणून ती जिन्याच्या पायरीवर बसून वाचते. येणारा-जाणारा तिला "पाय घे गं" म्हणतो, ती पाय घेते आणि पान तेच ठेवते. मी कुरिअर केलं, कॅटरिंग केलं, लालबागला मंडपाचं काम केलं, कुठे टिकलो नाही. दीड वर्ष कच्छला आहे. तिथेही किती टिकेन सांगता येत नाही.

रविवार दि. ११ जानेवारी रोजी सकाळी दहा वाजता चाळीच्या पुढच्या अंगणात मीटिंग झाली. मी तेव्हा सुट्टीवर आलो होतो. 'आपलं अंगण' नावाच्या संस्थेचे श्री. उन्मेष आले होते. त्यांच्याकडे एका कामापुरता निधी होता आणि काम कोणतं ते लोकांनीच ठरवायचं, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी बायकांकडून रांगोळीने चाळीचा नकाशा काढून घेतला. पुढे बायकांचे संडास, वर गच्चीची दुरुस्ती, मागच्या मोकळ्या जागेत अभ्यासिका, असे तीन पर्याय होते. प्रत्येक घराला तीन चिंचोके दिले. ज्याला जे काम हवं, त्याने त्या जागेवर आपले चिंचोके ठेवायचे. बेचाळीस घरं हजर होती. म्हणजे चिंचोके एकशे सव्वीस.

आईला नकाशा लवकर समजला नाही. तिने जिन्यापासून दारं मोजत मोजत आमची खोली शोधली. मग खोलीच्या मागे बोट ठेवून म्हणाली, "हितं विहीर हाय. ती काढली न्हाई तुम्ही." चाळ कमिटीचे सेक्रेटरी चिंतामणीकाका म्हणाले, "कमलाबाई, विहीर असती तर नळावर आपण एवढी वर्षं एकमेकांचे हंडे का फोडले असते?" सगळे हसले. मीही हसलो.

आई म्हणाली, "भरली न्हाई ती. झाकली. चौऱ्याण्णव साली मालकाने फळ्या टाकून घेतल्या. ह्या प्रफुलचे वडील होते त्या कामाला." असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली रांगोळीकडे बघितलं. वडिलांनी मला लहानपणी सांगितलं होतं की गिरणीतल्या सागवानी फळ्या खाली आहेत, वर नुसता विटांचा चुरा आहे. तिथे आम्ही क्रिकेट खेळायचो तेव्हा ते आम्हाला तिकडून हाकलायचे. मला ते माहीत होतं.

मग आईने तिन्ही चिंचोके त्या जागेवर त्रिकोणात ठेवले आणि म्हणाली, "हे मत न्हाई. ही खूण हाय, हितं खणू नका." गडबड फार होती. पोरं अभ्यासिका, अभ्यासिका ओरडत होती. मी तिच्या बाजूलाच उभा होतो. मी ऐकलं.

श्री. उन्मेष म्हणाले, मोजणी अशा माणसाने करावी ज्याला यातलं काहीच वापरायचं नाही. चिंतामणीकाकांनी माझं नाव घेतलं. "प्रफुल्ल कर. हा वर्षातून पंधरा दिवस येतो. ह्याला ना संडास, ना अभ्यासिका." मी मोजलं. संडास एक्केचाळीस. गच्ची बेचाळीस. अभ्यासिकेच्या जागेवर आईचे धरून त्रेचाळीस. आईचे सोडले तर चाळीस. मी दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा त्रेचाळीस सांगितलं. बहीण जिन्यावर उभी होती. कागदावर 'मोजणी करणार' असं छापलं होतं, त्याच्या खाली माझी सही आहे. टाळ्या झाल्या. आई उठून घरात गेली. दुसऱ्या दिवशी मी निघालो, तेव्हा तिने डब्यात सुकटीची चटणी भरली, पण डबा हातात न देता उंबऱ्यावर ठेवला.

सोमवार दि. ९ मार्च रोजी मागे खणायला सुरुवात झाली. यापुढचं मला आई आणि बहिणीकडून समजलं. शुक्रवार दि. १३ रोजी दुपारी तीनच्या सुमारास एका मजुराच्या हातातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, खड्ड्यात गेली. हातातून सुटली आणि गेली. आई मागच्या खिडकीत उभी होती. ती म्हणते, खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. ठेकेदाराने दोन टेम्पो डेब्रिज आणून खड्डा बुजवला. शनिवारी सकाळी बघितलं तर भर हातभर खाली गेली होती. परत एक टेम्पो आणला. त्यावर काँक्रीट ओतलं. ती सब्बल अजून वर आलेली नाही.

मंगळवार दि. १७ रोजी आईने मला फोन केला. ती स्वतःहून फोन करत नाही. म्हणाली, "प्रफुल, मोरीचं पाणी घरात येतंय." मी म्हटलं तुंबली असेल, प्लंबर बोलव, मी इथून काय करू. ती म्हणाली, "तुंबली न्हाई. उलटं जातंय." मी कामावर होतो, फोन ठेवला.

शुक्रवारी बहिणीने व्हिडिओ पाठवला. आमच्या खोलीत मोरी पुढच्या दाराशी आहे. उतार पुढे आहे, कायम होता. व्हिडिओत आई खोलीच्या मधोमध तांब्याभर पाणी ओतते आणि पाणी मागच्या भिंतीकडे जातं. सावकाश जातं. भिंतीशी पोचल्यावर साचत नाही, खाली उतरतं. कुठे उतरतं ते दिसत नाही. मी तो व्हिडिओ मुकादमाला दाखवला. तो म्हणाला, फरशीचं काम आहे, त्यासाठी सुट्टी नाही. मी न सांगता निघालो आणि रविवारी घरी पोचलो.

त्याच दिवशी मी चिंतामणीकाका आणि श्री. उन्मेष यांना खोलीत बोलावून आईला पाणी ओतायला सांगितलं. काका म्हणाले, "जुनी चाळ आहे रे, फरशी बसते." दाराची चौकट आवळली आहे, दार उचलून लावावं लागतं, तेही दाखवलं. श्री. उन्मेष यांनी भिंतीला हात लावून बघितला. मग त्यांनी मोबाईलमधला मीटिंगच्या दिवशीचा नकाशाचा फोटो दाखवला. आईचे तीन चिंचोके त्यात स्पष्ट दिसतात. ते म्हणाले, "ताई, जागा आम्ही निवडलेली नाही. लोकांनी निवडली, आणि त्यात तुमचेही तीन आहेत. मोजणी तुमच्याच मुलाने केली." त्यावर आई एवढंच म्हणाली, "व्हय, त्यानंच केली."

चौदा एप्रिलला उद्घाटन आहे. पत्रिका छापून झाल्या. काम चालू आहे, काल स्लॅबच्या सामानाचा दुसरा टेम्पो आला. चाळीतली चार पोरं मला जिन्यात अडवून म्हणाली, "स्वतः शिकला नाहीस, आता आमची अभ्यासिका पाडतोस का?" त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांना विहीर माहीत नाही. ती माहीत असलेली माणसं चाळीत आता दोनच, आई आणि मी. बहीण म्हणते, "दादा, मला नको ती अभ्यासिका, मी पायरीवर वाचीन." पण गेले आठ दिवस ती पायरीवरही बसलेली नाही.

आमच्या ओळीत मागच्या बाजूला सहा खोल्या आहेत आणि वर दोन मजले. मी मोजलं, अठ्ठावन्न माणसं. त्यात लहान मुलं एकोणीस. या वेळी मोजणी बरोबर आहे.

माझी मागणी अशी की, अभ्यासिकेचे त्रेचाळीसमधून तीन वजा करून चाळीस लिहावेत, काम आज थांबवावं, आणि मागच्या खोल्या रिकाम्या करून घ्याव्यात. माझा कोणावर आरोप नाही. माहीत असून मी तीन चिंचोके जास्त धरले. हवालदार साहेब म्हणाले, हे वाक्य तुझ्याच अंगावर येईल, काढू का. मी म्हटलं, राहू द्या.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, माझ्याच तोंडचा आहे आणि खरा आहे. "मला ते माहीत होतं" इथे आईने त्यांना थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. 

सही करण्याआधी एवढं वाढवून घ्यावं. मी आज परत कामावर निघत आहे, उद्या हजर झालो नाही तर नाव काढतील. गिरगावात आईच्या ओळखीच्या नलूमावशी मुलींना राहायला महिन्याच्या भाड्याने कॉट देतात. मी दोन कॉट विचारल्या होत्या. आई म्हणाली, "एकच घे. पोरीला पाठव. मी गेले तर सकाळी पाणी ओतून कोण बघणार?" मी तिला खूप सांगितलं. ती ऐकत नाही, हे इथे लिहिलेलं असावं. म्हणून या महिन्यापासून मी पाठवत आहे ते एका कॉटचे, रुपये चार हजार पाचशे.