पाणी कुठे सोडायचं

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिचा मोठा मुलगा नंबर यायची वाट बघत बसले होते.

"आई, मी पाठवलेल्या कंत्राटदाराला तू परस्पर नाही कसं म्हणालीस?"

"तोंडाने म्हणाले."

"चेष्टा नको. अंगणात पाणी तुंबतं म्हणून तूच रडत होतीस ना?"

"होते. पण तो सगळं अंगण सिमेंटचं करून उतार कुंपणाकडे देणार होता. म्हणजे आपलं पाणी थेट खालच्या शेजारणीच्या घरात."

"त्यांचं ते बघतील."

"स्वयंपाकघरात पाणी शिरलं की काय होतं, ते मी बघितलंय. तू नाही."

"अगं, त्या बाईशी तुझं वर्षानुवर्षं बोलणं नाही!"

"नाहीच. यापुढेही बोलणार नाही. म्हणून तिच्या घरात पाणी सोडू?"

"मग तू ठरवलेली ती कंत्राटदारीण काय वेगळं करणार आहे?"

"ती भर पावसात आली. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, ते उभं राहून बघितलं. आता चर खणून, पाइप टाकून पाणी रस्त्याच्या गटारात नेणार आहे."

"त्यासाठी बाबांनी घातलेली फरशी फोडावी लागेल."

"सकाळीच फोडली."

"आई! मला विचारायचंस तरी!"

"त्या माणसाला माझ्या घरी पाठवताना तू विचारलं होतंस?"



"बरं. निदान त्या बाईला कळू तरी दे, तिच्यासाठी एवढं केलंस ते."

"खबरदार सांगशील तर! तिला वाटेल, मी नमतं घेतलं."