मान स्वस्त, कान महाग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या दुकानदार संघाचे प्रमुख माननीय श्री. फू, इमारतीच्या व्यवस्थापक माननीय श्रीमती शिवगामी, आजचे सत्कारमूर्ती आणि तिसऱ्या मजल्यावरचे सर्वांत जुने दुकानदार श्री. क्वेक सेंग पोह, आणि रोचोरच्या आमच्या कॉम्प्युटर बाजारातल्या बंधू-भगिनींनो,

सर्वप्रथम अध्यक्षांची क्षमा मागते. माईकचा हा खांब व्यासपीठाच्या डाव्या टोकाला ठेवला होता. तो उचलून मी उजव्या टोकाला आणायला लावला. त्यात वायर ओढली गेली, फुलदाणी आडवी झाली आणि श्री. फू यांच्या सुपात पाकळ्या पडल्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी जन्मभर विसरणार नाही. पण मंडळी, हट्टाला कारण आहे. श्री. क्वेक मंगळवारच्या विमानानं पर्थला लेकीकडे निघालेत, कायमचे. त्याआधी मला एक गोष्ट त्यांच्या कानावर घालायची आहे, आणि ती या बाजूनंच घालता येते. का, ते ओघात येईलच.

मी आंग सिऊ गेक. श्री. क्वेक यांच्या दुकानासमोर, बोळाच्या पलीकडे, माझं स्पीकरचं दुकान. त्यांचं साउंड कार्डांचं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवून आवाज काढणाऱ्या पट्ट्यांचं. दोघांची गिऱ्हाइकं एकच, त्यामुळे वैर ठरलेलंच. ते म्हणायचे, कार्डावर खर्च करा, स्पीकर कोणतेही चालतील. मी म्हणायची, स्पीकरवर खर्च करा, कार्डाला कोण विचारतो? गिऱ्हाईक बिचारं बोळाच्या मधोमध उभं, इकडे आड तिकडे विहीर! आता ते भांडणच संपलं म्हणा. हल्ली आवाज कॉम्प्युटरच्या मदरबोर्डलाच चिकटून येतो. कार्ड निवडायला म्हणून शनिवारी सहकुटुंब बाजारात यायचं, हे आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील.

पण ज्यांनी श्री. क्वेक यांच्याकडून कार्ड घेतलं, ते हसणार नाहीत. दुकानाचं नाव 'सोन्याचा कान'. आत गेलं की पहिला प्रश्न एकच: "खेळायचंय की ऐकायचंय?" दोन्ही, असं कुणी म्हटलं की क्वेक अंकल सुस्कारा टाकायचे, जसं काही त्यांच्याकडे मुलगीच मागितली आहे.

ऐकायचं असेल, तर ते आधी काहीच वाजवत नसत. आवाज पूर्ण मोठा करायचा आणि गाणं लावायचंच नाही. "शांतता ऐका," म्हणायचे. "त्यात खरखर आली, तर कार्ड परत ठेवा. डब्यावर मग काहीही छापलेलं असू दे." आणि खेळायचं असेल, तर गिऱ्हाइकाला पडद्याकडे पाठ करून बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, हेडफोन चढवायचे आणि खेळ सुरू करायचे. कुठून तरी बुटांचा आवाज यायचा. स्वतः अंकल समोर स्टुलावर, टक लावून गिऱ्हाइकाच्या मानेकडे. मागून पावलं आली आणि मान आपोआप मागे वळली, तर कार्ड पास. "तोंड खोटं बोलतं," ते म्हणायचे, "मित्रांसमोर सगळ्यांनाच सगळं छान ऐकू येतं. मानेला खोटं बोलता येत नाही."

हमदान आणि नूरैनीची गोष्ट इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. हमदान बस चालवायचे. घरात कॉम्प्युटर एक, आणि नवरा-बायकोचं रोज वाजायचं. त्यांना लढाईचे खेळ, तिला जुनी मलय गाणी. दोघं भांडतच जिना चढून आली.

"अंकल, खेळाला भारी असेल ते द्या," हमदान म्हणाले.

"हो, द्या ना," नूरैनी म्हणाली, "दिवसभर बस चालवून यांचं मन भरत नाही, घरी येऊन रणगाडा चालवतात. माझी गाणी काय शेजाऱ्यांकडे जाऊन ऐकू?"

अंकलनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. आधी हमदान. महागातलं कार्ड लावलं, मान वळली. स्वस्तातलं लावलं, तरी तितकीच वळली. नीट सुरांचं कार्ड लावलं, तरी तेच. मग नूरैनी. पहिल्या कार्डावर तिच्या कपाळाला आठी. दुसऱ्यावर दोन आठ्या. तिसऱ्यावर मात्र ती ओठातल्या ओठात गुणगुणायला लागली आणि नवऱ्याचं भांडण विसरली.

अंकलनी निकाल दिला. "हमदान, तुमची मान स्वस्त आहे, बायकोचे कान महाग. तिच्या कानाचं कार्ड घ्या. तुमची मान त्यातच वळेल. गोळ्या झाडताना खरखर कुणाला ऐकू येते?"

"म्हणजे घरात ऐकायचं हिचंच?" हमदान म्हणाले.

"आजवर कुणाचं ऐकत होतात?" ही नूरैनी.

त्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावर ही म्हणच पडली. दोन्ही हवं असेल, तर गाण्यासाठी निवडा, खेळ त्यात आपोआप बसतो. श्री. फू प्रिंटर विकतात, तरी गिऱ्हाइकाला हेच सांगतात.

आता माझ्याबद्दल. मी बोळाच्या पलीकडून गप्प बसणाऱ्यांतली नाही. "अहो क्वेक, त्या माणसाला लुटून झालं असेल तर इकडे पाठवा!" "अहो क्वेक, शांतता विकून पोट भरतं का?" असं माझं दिवसभर चालायचं. आणि उत्तर यायचं ते त्यांच्या बायकोकडून, बी ल्यानकडून. ती त्यांच्या डाव्या हाताला, बोळाच्या बाजूला बसायची. "सिऊ गेक, तुझे स्पीकर वाजले की आमच्याकडे भूकंपाची चौकशी करायला लोक येतात गं!" मग नवऱ्याच्या कोपराला बोट लावून काहीतरी सांगायची, आणि ते हसायचे. मला वाटायचं, किती भाग्यवान माणूस आहे, भांडायलासुद्धा बायको ठेवली आहे.

बी ल्यान गेली. तिच्या अंत्ययात्रेला आपण सगळे होतो, ते मी सांगत बसत नाही. त्यानंतर बोळाच्या पलीकडून उत्तरं यायची बंद झाली. मी म्हटलं, दुःख आहे, निवेल. काही महिन्यांनी पुन्हा टोमणे सुरू केले, मुद्दाम हलके हलके. काहीच नाही. ते तसेच गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसलेले.

मग आपलं चिनी नववर्ष आलं. आदल्या रात्रीचं जेवण म्हणजे काय, हे या सभागृहात मला सांगायला नको. त्या टेबलावर घरचे सोडून कुणी बसत नाही. आणि माझ्यासारख्या विधवेनं एका विधुराला त्या जेवणाला बोलवायचं, म्हणजे तिसऱ्या मजल्याला पौर्णिमेपर्यंत पुरेल इतका विषय. तरी मी ठरवलं. त्यांची लेक हुई मिन तेव्हा नुकतीच पर्थला गेली होती, हा माणूस त्या रात्री डब्यातलं सूप पिऊन झोपणार हे मला दिसत होतं. दिवसभर वाक्य तोंडात घोळवलं. दुकानं बंद करताना शटर अर्ध्यावर आणून मी म्हणाले, "अहो क्वेक, उद्या एकटे जेवू नका. आमच्याकडे या. आई मासा करणार आहे."

ते वायर गुंडाळत होते. गुंडाळून झाली, खोक्यात ठेवली, शटर ओढलं आणि गेले. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तरीही एक वाडगा जास्त मांडला. आई म्हणाली, "हा कुणाचा?" मी म्हटलं, "मोजताना चुकले." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि वाडगा उचलून ठेवला.

मंडळी, मला राग आला, आणि तो पुढची कितीतरी वर्षं टिकला. माणसानं नाही म्हणावं, हरकत नाही. पण उत्तरसुद्धा देऊ नये? असा कसला गर्व? माझे टोमणे मग हलके राहिले नाहीत. तुम्ही सगळे ऐकत होतात, आणि म्हणत होतात की क्वेक अंकल म्हणजे साधू, या बाईचं इतकं ऐकून घेतात.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. त्यांचं दुकान आवरायला मी गेले होते. राग असला तरी शेजारधर्म आहे. सगळं खोक्यांत गेलं होतं, काचेच्या कपाटात एक शेवटचं कार्ड राहिलं होतं. ते म्हणाले, "सिऊ गेक, इतकी वर्षं समोर बसलात, तुमची मान कधी तपासली नाही. बसा."

मी म्हटलं, "माझी मान राहू दे. आज गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तुम्ही बसा. इतरांना फार बसवलंत."

ते नको नको म्हणत होते. मी ऐकते का? पाठ करून बसवलं, हेडफोन चढवले, खेळ सुरू केला आणि त्यांच्याच स्टुलावर त्यांच्यासारखी टक लावून बसले. उजवीकडून पावलं आली. मान वळली. डावीकडून आली. मान जागची हलली नाही. मला वाटलं, वायर सैल आहे. दाबली. पुन्हा डावीकडून. काही नाही. मग मी हेडफोन काढून उलटे घातले. डावीकडच्या पावलांना ते उजवीकडे वळले.

मी म्हटलं, "बघा! अखेर माझंच खरं झालं. तुमचं कार्ड बिघडलंय."

ते डोळे न उघडता म्हणाले, "कार्ड चांगलं आहे, सिऊ गेक."

लहानपणी गल्लीत फटाक्यांची माळ त्यांच्या कानाशी फुटली होती. तेव्हापासून डावा कान गेलेला. दुकानाचं नाव 'सोन्याचा कान', मग सांगणार कुणाला? फक्त बी ल्यानला ठाऊक होतं. म्हणून ती डावीकडे बसायची, म्हणून कोपराला बोट लावून, त्यांना वळवून सांगायची. आणि म्हणूनच ते माणसांच्या माना बघायला शिकले, कारण आवाज कुठून येतो हे त्यांना स्वतःला कधी कळलंच नाही.

बोळाकडे, म्हणजे माझ्याकडे, त्यांचा तोच कान होता.

मी म्हटलं, दोन कप कोपी घेऊन येते, आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. टोमण्यांचं मला काही वाटलं नाही, उलट ते ऐकू गेले नाहीत हे बरंच झालं, त्यातले काही फारच झोंबणारे होते. मला तो वाडगा आठवत होता. ज्या माणसावर मी इतकी वर्षं डूख धरून बसले, त्यानं मला नाही म्हटलंच नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर मी त्यांना एवढंच विचारलं, की कानाची गोष्ट समारंभात सांगू का? ते म्हणाले, "दुकान बंद झालं, आता सांगा. पण जेवणाआधी सांगा, नंतर कुणी ऐकत नाही." वाडग्याचं मात्र मी त्यांना बोलले नाही. ते आत्ता तुमच्याबरोबरच पहिल्यांदा ऐकतायत. माईक या बाजूला का आणला, ते आता श्री. फू यांच्या ध्यानात आलं असेल.

समारोपाकडे येते, सूप थंड होतंय. दुकानदार संघानं मला बोलायची संधी दिली, श्रीमती शिवगामी यांनी खोकी उतरवायला मालाची लिफ्ट दोन दिवस मोकळी ठेवली, आणि तुम्ही सर्वांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार मानते.

आणि आता, अहो क्वेक. पुढच्या शनिवारी नववर्षाची आदली रात्र आहे. तुम्ही तेव्हा पर्थमध्ये असाल, आणि हुई मिनची त्या रात्री हॉस्पिटलात ड्युटी आहे. मी फोन करून विचारलं. ती म्हणाली, "आंटी, तिकीट मी पुढे ढकलते, पण पप्पांना तुम्हीच विचारा, माझं ते ऐकत नाहीत." तेव्हा विचारते. मी उजव्या बाजूला उभी आहे, हातात माईक आहे, आणि मागचे स्पीकर माझ्या दुकानातले आहेत, त्यामुळे या वेळी सबब चालणार नाही.

अहो क्वेक, एकटे जेवू नका. आमच्याकडे या. आई मासा करणार आहे.

मंडळी, बघा. मान वळली.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं... मागच्या टेबलांना ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगते. ते विचारतायत, "किती वाजता?"

सात वाजता. वाडगा मांडलेला असेल.

अध्यक्ष महाराज, बोलण्याच्या भरात काही उणं-अधिक गेलं असेल, तर सुपातल्या पाकळ्यांबरोबर तेही पोटात घाला. मला आता खाली बसू द्या. धन्यवाद.