लिंबाखालची मऊ माती

न्हाय, बसा की, बसू नका कुटं म्हणलो मी? बाक काय माजा न्हाय, कॅफेवाल्याचा हाय. मी आपला सकाळधरनं हितं, ह्या कडूलिंबाखाली, बसलेला असतो म्हणून लोकांला वाटतं वाचमन ठिवलाय. ठिवला न्हाय. मी सिद्रामप्पा — ह्या गाड्या लावल्यात ना, हितनं ते पार तिकडच्या तारंपातूर माजं रान होतं. ते असू द्या. पर तुमी हातात पहार आन् पांढऱ्या फक्कीचं डबडं घिऊन तासभर हिकडनं तिकडं फिरायलाव, दोनदा त्या मागच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलाव, तितं समाधी हाय ती बगितली, वहीत कायतरी लिवलं — आन् इचारलं तर म्हणताव काय न्हाय आजोबा, सहज. पहार घिऊन कोन सहज फिरतं हो?

राग धरू नका. हितं इचारल्याबिगर चालत न्हाय. विद्यापीठ आलं तवा हितं काय होतं सांगा — ज्वारी, हरभरा आन् पुणे रस्ता. आता बगा समोर. ते लाल बोर्डाचं मोमोचं दुकान, तितं खताचं गोडाऊन होतं. त्याच्यावर अभ्यासिका. अभ्यासिका म्हंजे काय — खुर्ची भाड्यानं. पोरं पुस्तकं घरनं आणत्यात, डोकं घरनं आणत्यात, हा निस्ता खुर्ची आन् पंखा देतो, वर पाटी लावलीय, शांतता राखा. म्हंजे शांतता बी पोरांनीच राखायची. त्याच्या पलीकडं कपडे धुवायची मशिनी, पोरं पिशवी घिऊन रांगंत बसत्यात, हातानं धुतलं असतं तर तवर वाळलं बी असतं. आन् हा कॅफे. बार्शीचा ऋतुराज म्हणून हाय त्याचा. कॉफी देतो ती गार. कॅफेच्या नावाचा अर्थ इचारला तर म्हणतो, अर्थ न्हाय आप्पा, वाईब हाय. त्यानंच धाडलंय ना तुमाला? बगा, मान हालवली. मंग आदी सांगाय काय झालतं?

आसंच असतं. पयल्यांदा येतो तो पाणी मागतो. लई ऊन हाय म्हणतो. दुसऱ्यांदा पेढे घिऊन येतो. तिसऱ्यांदा म्हणतो, आप्पा, उतारा कुणाच्या नावावर हाय? मंग कळतं तहान कशाची होती. हितं रस्त्याच्या कडंला ज्याचं ज्याचं रान होतं त्या सगळ्यांनी आसंच पाणी पाजलंय. मी बी पाजलं. तवा आता कुणी नुसतं खाली बगून चालाय लागलं तरी माजं लक्ष जातं — पैसं पडल्यात म्हणून बगतोय का जागा मोजतोय.

आन् ती समाधी. ती तुमच्या वहीत असंल तर आत्ताच्या आत्ता खोडा. आमी लिंगायत, आमच्यात जाळत न्हाईत — मानसाला बसतं करून, इभूत लावून, हातात लिंग दिऊन, बेलपत्री घालून मातीत ठिवत्यात, आन् रान असलं तर आपल्याच रानात. ती माजी बायको, शिवबाई. आठ वर्सं झाली. रान इकलं तवा मी कागदातच लिवून घेतलंय, मागचा कोपरा, एक गुंठा, समाधीसकट, सिद्रामप्पाचा. त्यावर ऋतुराजचा डोळा हाय मला ठावं हाय. मागल्या महिन्यात म्हणला, आप्पा, तितं जरा लायटिंग सोडू का, पोरं फोटो काडतील. म्हणलं समाधी हाय ती, वाढदिवस न्हाय. तवापास्नं गोड बोलायलाय, म्हणून मी जास्ती भितो. माजी नात हितंच विद्यापीठात शिकती, काव्या — दर सोमवारी कालेजाला जाताना आजीला फूल वाहून जाती. आज सोमवारच हाय. यील आता. तिच्यासमोर ही पहार नको. माज्या जित्यापणी त्या कट्ट्याचा दगड हालणार न्हाय, सांगा जाऊन त्याला.

काय? हात लावायचाच न्हाय? न्हाय, नीट सांगा. समाधीला दहा फूट सोडून — बरं. मंग मोजायलाव काय? वर मजला घ्यायचाय, पोरींचं होस्टेल. व्हय, मजला चढणार म्हणून ऐकलो होतो मी. चाळीस पोरी. मंग टाकी लागणारच, संडासाची, मोठी लागंल, बरोबर हाय, चाळीस पोरी म्हणल्यावर. मंग ती कुटं?

हितं?

हितं म्हंजे हितं? लिंबाखाली? आन् रेघ कशाला मारायलाव?

न्हाय हो, हितं न्हाय व्हायचं. हितं खडक लागंल. चाळीस वर्सं नांगर धरलाय मी ह्या जागंवर, तुमी आज आलाव. आन् लिंबाच्या मुळ्या? लिंबाच्या मुळ्या टाकी फोडून आत शिरत्यात, आमच्या शेजाऱ्याची हीर फोडलीय लिंबानं. शिवाय गिऱ्हाइक हितनंच आत येतं, टाकीवरनं चालत कॉफी प्यायला यायचं का त्यांनी? मुळ्या तोडता येत्यात म्हणताव. वर फरशी बसती म्हणताव. बरं, पर खडक? खडक न्हाय? कशावरनं?

पहार घातली. मी यायच्या आदीच.

किती गेली? … दोन हात. सगळीकडं मुरूम, टण्ण करून वाजती, आन् हितंच लोण्यात घातल्यागत गेली. म्हणून हीच जागा धरली म्हणताव, खणायला सोपं. कुटं घातली नेमकी? ह्या बाकाच्या फुडं, तुमच्या पायापाशी. कितींदा? … तीनदा. वर काडली तवा टोकाला कायतरी लागलं होतं का हो? न्हाय, काय न्हाय. सहज इचारलं.

असं करा. मी सांगतो ते ऐका. तुमी टाकी मागच्या कोपऱ्यात घ्या. तो गुंठा माजा हाय, मी देतो, फुकट देतो, लिवून देतो आत्ता ह्या वहीवर. रस्त्यापासनं लांब, वास न्हाय, काय न्हाय. मुरूम हाय, मान्य, पर जेशीबीला मुरूम काय जड हाय? समाधी — अवो ती काय, दगडं तर हायती, उचलून कुटं बी ठिवता येत्यात. असं काय बगायलाव? व्हय, मीच म्हणलो. आत्ताच म्हणलो दगड हालणार न्हाय. मानूस बोलतो. दगडाचं काय हो, हालतो दगड, एकदा हालवलाय म्हंजे हालतोच की—

… न्हाय, काय न्हाय म्हणलो मी. ऊन लई हाय. पाणी पिताव का?

वही मिटा ती. मिटा म्हणतो. आता बोलून बसलोय तर ऐकूनच घ्या. ऋतुराज पयल्यांदा आला तवा त्याला सगळं आवडलं, रस्ता, लिंब, विद्यापीठाचं गेट समोर. आन् लिंबाखाली कट्टा बगितला. म्हणला, आप्पा, दारातच समाधी असली तर पोरंपोरी यायची न्हाईत, मी शेजारचं रान घेतो. झालं. तेवडंच म्हणला. आता मी तुमाला सांगंन की दोन दिवस मला झोप न्हाय लागली, पर ते खोटं हाय. लागली. चांगली लागली. शेजाऱ्याचं इकायचं आन् आपलं ऱ्हायचं एवडंच डोक्यात. आमाला खायाला कमी न्हवतं हो, कुणी मागं लागलं न्हवतं. सगळ्यांची इकली, माजी का न्हाय — दुसरं काय कारण सांगू? तिसऱ्या दिवशी धुळाप्पा गवंड्याला बोलावलं. दिवसाउजेडी, चोरून न्हाय. दहाला हात घातला, चारपर्यंत हितं सपाट. कट्टा, वरचं लिंग, नंदी, नावाची फरशी, सगळं उचलून मागच्या कोपऱ्यात बसवलं, नवं शिमिट, पैल्यापक्षा देखणं झालं. ती तेवडी ऱ्हायली.

तिला कसं उचलायचं? आन् कुणी उचलायचं? धुळाप्पा म्हणला, सावकाश बगू. नंतर धुळाप्पाच गेला. ऋतुराजला म्हणलं, सगळं हालवलं. त्यानं बी सगळं म्हंजे काय ते इचारलं न्हाय, इचारलं असतं तर सांगितलं असतं का, ठावं न्हाय. पोरगा मल्लिनाथ तवा पुण्याला, नोकरीवर. त्याला फोनवर म्हणलं, स्वामींना इचारून रीतीनं केलंय. तो म्हणला, तुमी केलं म्हंजे बरोबरच असणार आप्पा. असं म्हणायला नको होतं त्यानं. दोन शिव्या घालाय पायजे होत्या. आता सूनबाई सणाला येती ती त्या कोपऱ्यात निवद ठिवती. काव्या तितं डोकं टेकती. मी मागं उभा ऱ्हातो हात जोडून. त्या कट्ट्याखाली मुरूम हाय हो. नुसता मुरूम.

ती दुधनीची. तिकडं कानडी बोलत्यात, लगीन होऊन आली तवा मराठी तोडकंमोडकं होतं तिचं. मी लई बडबडाय लागलो की म्हणायची, साकु. पुरे आता. खुरपायला आली की भाकरी हितं सोडायची, ह्याच लिंबाखाली, रस्त्याकडं तोंड करून. गाडी थांबली की इचारायची, कोन ते, कशाला आला असंल? माज्यापक्षा जास्ती संशयी. दवाखान्यातनं आणली तवा म्हणली, मला लिंबाखाली ठिवा, तितनं येणारं-जाणारं दिसतं. तिला तेवडंच पायजे होतं, एवड्या वर्सांत तिनं मागितलेलं तेवडंच, आन् ते मी दिलं आन् वरनं पुसून टाकलं.

हा बाक मीच मागून घेतलाय. ऋतुराज हितं टेबलं मांडणार होता, छत्र्या रवायला खड्डं घेणार होता, मी म्हणलं म्हाताऱ्या मानसाला बसायला जागा ठिव, तेवडं तरी ठिव. त्याला वाटलं मला गिऱ्हाइकाची गंमत वाटती. पोरं म्हणत्यात आजोबा फुकटचं वायफाय घेत्यात. मी सकाळी येतो, तिला म्हणतो, आलो गं. संध्याकाळी म्हणतो, जातो. मंग दिवसभर कोन कुटं खणतंय, कोन काय रवतंय ते बगत बसतो. बाकीच्या सगळ्यांचा संशय घेतला मी, मोमोवाल्याचा घेतला, तुमचा घेतला, आन् आजपर्यंत ह्या जागंला हात लावलेला मानूस एकच हाय.

जेशीबी किती वाजता? … दोनला. आता अकरा वाजून गेलं असतील. न्हाय, तुमी नका फोन करू. ऋतुराजला मी सांगतो, माज्या तोंडानं सांगतो. मल्लिनाथला बी. तुमी फक्त दोनचं थांबवा, आन् ही पांढरी रेघ पायानं पुसा — पायानं नको. हातानं पुसा. माजं गुडघं वाकत न्हाईत.

ती बगा, आली. कॅफेच्या गेटातनं येती ती, पाठीला पिशवी, हातात शेवंतीचं फूल. सरळ कोपऱ्याकडंच चालली. आत्ता गप्प बसलो तर तुमी बी गप्प बसाल, मला दिसतंय तुमच्या तोंडावर. चांगलं मानूस हाव. टाकी हिकडंतिकडं कराल, कुणाला काय कळणार न्हाय, आन् मी हितं बसून मरंन.

काव्या. ए काव्या. फूल तितं वाहू नको, बाळ. हिकडं आण. व्हय, हिकडंच, बाकापाशी. सांगतो की. ये आदी.

जावा तुमी आता. पहार घ्या, डबडं घ्या. आन् उठताना, साहेब, पाय जरा हळू उचला तितनं.