हेडफोनपुढे वाजवली शिट्टी

...अहो, पण हाफ पँट घालून यायचं नसतं, हे मला कुणी आधी सांगायला नको? तुम्हाला सांगतो, पांढरी हाफ पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, बूट खडूनं पांढरे केलेले, असा मी हॉलच्या दारात उभा, आणि आत एसी एवढा की पोरं स्वेटर घालून खेळतायत! खेळतायत म्हणजे काय, बसलीयत.

उभी हयात गेली हो माझी व्हॉलीबॉलच्या नेटशेजारच्या उंच स्टुलावर. आता व्हॉलीबॉलला संघच मिळेनात, तर क्रीडा कार्यालयातले साहेब म्हणतात, "पंच, तुम्ही त्या कॉम्प्युटर गेमच्या स्पर्धेला जा. नियमाप्रमाणे एक पंच लागतोच. जमलं तर ठेवू, नाहीतर..." नाहीतरच्या पुढे साहेब चहा प्यायले. पण मला कळलं. नाहीतर घरी बसा.

म्हटलं, न जमायला काय झालं? खेळ तो खेळ. दोन बाजू, एक जिंकणार, दुसरी पंचाला शिव्या देणार. तर तो आयोजक, केसांना जेल चोपडलेला, मला खुर्ची देतो आणि म्हणतो, "काका, रिलॅक्स. पॉइंट, फाउल, सगळं सिस्टीम बघते." मग मी काय बघू? "तुम्ही एन्जॉय करा ना."

सुरू करायची वेळ झाली. छातीभर श्वास घेतला आणि दिली शिट्टी ठेवून... एकानं मान वर केली असेल तर शपथ. कानांवर हे एवढाले हेडफोन! दारावरचा वॉचमन तेवढा धावत आला, "कुणी बोलावलं?" आता सांगा, शिट्टी वाजवायची कुणासाठी?

आधी मीही म्हणायचो, हा कसला खेळ, बोटं हलवायची नि चिप्स खायच्या. पण समोर एक चष्मेवाली मुलगी होती, तिची बोटं बघितली आणि माझं तोंड बंद झालं. शिलाई मशीनची सुई परवडली. आणि त्या थंडीत तिच्या कपाळावर घाम! माझे गुडघे एकमेकांवर आपटतायत आणि हिच्या भुवईवरून थेंब गळतायत. खेळच आहे हो तो, आपल्याइतकाच खरा. तेच तर दुखणं आहे... खोटा असता तर घरी येऊन पोटभर नावं तरी ठेवली असती.

मग ती हरली. अगदी थोडक्यात. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि थेट माझ्याकडे चालत आली. मी सावरून बसलो. म्हटलं, आली बरं का! व्हॉलीबॉलला असं कुणी आलं की समजायचं, आता आपल्या सात पिढ्यांचा उद्धार. 'आंधळा आहे का पंच' हे तर माझं पाळण्यातलं नाव म्हणा. एका प्रशिक्षकानं एकदा मला बूट फेकून मारला होता, आणि दुसऱ्या दिवशी तोच बूट मागायला घरी आला, चहा पिऊन गेला. माणसं होती ती.

ही समोर उभी राहिली. मी तयार. म्हणाली, "काका, वॉशरूम कुठंय?"

दाखवली. हात खांद्यातून लांब, बोटं जुळलेली, अगदी नियमाप्रमाणे. दिवसभरातला माझा तेवढाच निर्णय. निघताना आयोजक म्हणाला, "काका, पुढच्या वेळी तुम्हाला त्रास नाही, पंचाचा नियमच काढतोय." काढा बाबा. तसंही शिट्टी वाजवायची कुणासाठी?

घरी आलो. बायको चपला घालून दारातच उभी. म्हणाली, "शेजारी जाऊन येते, कुकरला तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." बसलो ओट्यापुढे स्टूल टाकून, शिट्टी गळ्यातच. जरा वेळानं करपल्याचा वास आणि मागोमाग ही. "किती झाल्या?" म्हटलं, "दोन." "दोन? शेजारी बसून मी पाच मोजल्या! आंधळे तर होतातच, आता बहिरेही झालात का?"

काय सांगू तुम्हाला, डोळ्यांत पाणी आलं. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या निर्णयावर भांडत होतं. करपलेलं जेवलो, अगदी तळापर्यंत खरवडून... पण दोन म्हणजे दोन, निर्णय काही फिरवला नाही.