मामींचा देव आणि माझी छत्री

मी मूळचा धुळ्याकडचा, काय सांगू तुम्हाला, आमच्या गावात टीव्ही आला तेव्हा अँटेना धरून उभं राहायला मीच असायचो, म्हणजे लहानपणापासून माझं स्थान छतावरच. पुढे जळगावला दुकान टाकलं, छत्र्या बसवायचं. डिश वगैरे आम्ही बोर्डावर लिहितो, लोक छत्रीच म्हणतात. वीसेक वर्षं झाली, पोट वाढलं, धंदा तेवढाच राहिला.

या धंद्यात छत्री बसवणं सोपं, पण चॅनल एका जागी राहत नाहीत. आज ही कंपनी त्या चॅनलवाल्यांशी भांडते, उद्या ते दुसऱ्या कंपनीशी सोयरीक करतात, नंबर इकडचे तिकडे होतात आणि फोन मला. गावाकडचा भाऊबंद सकाळीच ओरडतो, भाऊ, बठ्ठं गयं, काहीच दिखस नही, म्हणजे सगळं गेलं. जसं काही मीच रात्रीतून चॅनल खिशात घालून पळालो. कंपनीकडून आम्हाला आधी मेसेज येतो, अमुक चॅनल अमुक तारखेला बंद. मी तो न वाचताच गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर ढकलतो, खाली हात जोडल्याचं चित्र टाकतो, झाली सेवा.

तर माझी सासू, सावद्याची. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामींना साखरेचा आजार, रोज सकाळी पोटात इंजेक्शन. आणि नेम असा की टीव्हीवर बालाजीची आरती पाहिल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा नाही. आरती सातला, म्हणून इंजेक्शन पावणेसातला, आरती संपली की भाकरी-दूध. इंजेक्शननंतर पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम उतरते, माणूस बेशुद्ध पडतो, म्हणून सगळं घड्याळावर बसलेलं, आणि ते मीच बसवून दिलेलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून रिमोटवरच्या तीन आकड्यांना सुनंदाची, म्हणजे आमच्या मंडळींची, लाल नेलपॉलिश लावून दिली होती. गावभर सांगायच्या, जवाई देव दाखवतो.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं तिथेच मुक्कामाला होतो. सकाळी मामींनी इंजेक्शन घेतलं, तीन लाल बटणं दाबली, आणि पडद्यावर आलं, हे चॅनल आता उपलब्ध नाही. तेव्हा तो मेसेज मला आठवला. दहा दिवसांपूर्वीचा. अख्ख्या ग्रुपला पाठवलेला. सासूला सोडून.

सुनंदा म्हणाली, आई, आज खाऊन घे, देवाला कळतं. मामी म्हणाल्या, नाई. मी म्हटलं, मामी, मोबाइलवर लावून देतो. तर म्हणतात, तो मोबाईल तुम्ही संडासात नेता जवाईबापू, मले त्यात देव नका दाखवू.

सव्वासात झाले. मामींच्या कपाळावर घाम. सुनंदाने साखरेचा चमचा पुढे केला, त्यांनी दात आवळून घेतले. हात थरथरत होते, तरी पदर सावरत होत्या. शेजारच्या नानांकडे फुकटची छत्री, महिन्याचे पैसे न लागणारी, त्यावरही देवाचे चॅनल असतात, म्हणून त्यांचा डबा उचलून आणला, आमच्या टीव्हीला जोडला आणि मी वर चढलो, कारण आमची छत्री त्यांच्या छत्रीच्या दिशेला फिरवायची होती. वर पत्रे, दवाने ओले, त्यात माझं हे वजन. एक पाय घसरला, पत्रा असा वाजला की नाना खालून म्हणाले, भाऊ, आधी तू खाली येशील की सिग्नल?

मी छत्री जराशी फिरवायचो आणि ओरडायचो, आलं का? सुनंदा आतून, नाही. आलं का? आलं, आलं... गेलं. काय करू, बोटभर हलली की सगळं जातं. साडेसात होत आले. सुनंदाच्या आवाजात रडू आलं, म्हणाली, अहो, आईची मान कलतेय, लवकर करा. माझ्या हातातला पाना सुटून अंगणात पडला, मग मी हातानेच छत्री धरून बसलो, आणि एकदम ती ओरडली, आलं!

खाली उतरलो तर आरती चालू होती, पण बालाजीची नव्हे, भलत्याच मंदिरातली, संगमरवरी कृष्णाची. मी सुनंदाकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. मामींनी हात जोडले, डोळे मिटले, आणि तोंड उघडलं. आधी साखर, मग दूध, मग कुस्करलेली भाकरी. मी तिथेच फरशीवर बसलो.

तासाभराने माणूस माणसात आलं. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, जवाईबापू, माहा देव काळा हाये, हा त दुधासारखा पांढरा, मी का आंधळी हाये? मी म्हटलं, मामी, मग नेम कशाला मोडला? तर म्हणतात, तुम्ही वरून पडले असते त माह्या पोरीनं काय करायचं होतं?

मी दुसऱ्याच दिवशी त्यांची कंपनी बदलली, बालाजी परत आणला. पण हा करार तरी किती दिवस टिकेल, कोण सांगणार. म्हणून आता मेसेज वाचतो, एकेक अक्षर, आणि सकाळी आरती संपली की, दुकान उघडण्याआधी सावद्याला फोन लावतो. मामी, दिसला का? दिसला. जेवल्या का? जेवते. खरंच दिसला की मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, देव जाणे. मी विचारत नाही. जेवतात ना, बस.