माझ्याच बोटाचा थेंब

शुद्धलेखन आणि साधे शब्द सांभाळून घ्या, माझी शाळा लवकर सुटली. नाशिक रोडला मी लग्नपत्रिका छापतो. छपाईच्या त्याच जाळीच्या चौकटीवर कॉलेजातल्या मॅडमसाठी रक्त तपासायच्या स्वस्त पट्ट्याही छापतो. अंगात आतून कुठे न दिसणारी सूज असेल, तर पट्टीवरच्या रक्ताच्या थेंबावरून यंत्रात आकडा चढतो. नवी पट्टी तपासायला थेंब माझाच, कारण मी धडधाकट. परवा आकडा भलताच चढला.

"पहिल्या छापाला हळदकुंकू लावतोस, तीच पट्टी दिलीस ना?" मॅडम चिडल्या.

"ती देव्हाऱ्यात आहे, मॅडम."

दुसऱ्या, तिसऱ्या पट्टीवरही तेच. मग त्यांनी स्वतःचं बोट टोचलं. आकडा तळाला.

"पट्टी बरोबर आहे रे," त्या हळूच म्हणाल्या. "कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काय होतंय?"

मी म्हणालो, "अजून काहीच नाही."